ज्याची ओळ, त्याला विचारून

पाझरच्या प्रत्येक ओळीला मालक होता. पाझर म्हणजे नागपूरच्या एका भूजल प्रयोगशाळेत तीसेक वर्षं चालत आलेला संगणकाचा प्रोग्रॅम. जमिनीखालचं पाणी कुठून कुठे सरकतं, कुठल्या गावच्या विहिरी उन्हाळ्यात तळ गाठतील, हे तो हिशोब करून सांगायचा. आता प्रोग्रॅम म्हटला की तो कंपनीचा असतो, सरकारचा असतो, निदान साहेबाचा तरी असतो. पाझरचं तसं नव्हतं. ज्यांनी तो लिहिला त्यांनी ओळीओळीच्या शेवटी आपलं नाव टाकून ठेवलं होतं. दुसऱ्याच्या ओळीला हात लावायचा तर त्या माणसाकडे जायचं, चहा घ्यायचा, विचारायचं, आणि तो हो म्हणाला की मगच ती बदलायची, असा तिथला नियम होता. बदललेल्या ओळीच्या शेवटी 'विचारून' असं लिहून हो म्हणणाऱ्याचं नाव टाकायचं. दुनियेतल्या कुठल्याही कामसू कचेरीत असा नियम चार दिवस टिकला नसता. इथे तो टिकला होता, कारण प्रेमिला खोब्रागडे तो पाळत होती.

प्रेमिला ठेंगणी, कमी बोलणारी आणि भयंकर हट्टी. पर्समध्ये कायम फुटाण्यांची पुडी. निवृत्तीला वर्षभर उरलेलं, नवरा रेल्वेतून सुटून घरी बसलेला, मुलगा बंगळुरूत. स्कूटीवरून येताना ती इतकी सावकाश यायची की मागचे लोक हॉर्न वाजवून दमत. पण पाझरमधली चूक तिच्या नजरेतून सुटली असं कुणाला आठवत नाही. सुटली असती, तर तिने स्वतःच ती आठवणीने सगळ्यांना सांगितली असती, असा तिचा स्वभाव.

त्या नोव्हेंबरात घोडं अडलं ते असं. प्रयोगशाळेला नवा मोठा संगणक मिळाला आणि जुन्या खोलीतली यंत्रं जानेवारीत भंगारात जायचं ठरलं. नागसेन वासनिक हा प्रयोगशाळेचा प्रमुख. चाळिशीचा, हुशार, आणि सतत एका मीटिंगमधून येत असलेला किंवा दुसऱ्या मीटिंगला निघालेला. त्याने जिन्यातच प्रेमिलाला गाठून सांगितलं.

"ताई, डिसेंबरात कमिटी येऊन राहिली. नव्या मशीनवर पाझरनं जुन्यावरचंच उत्तर दिलं तर पाझर राहते. नाही दिलं, तर बाहेरचं पॅकेज घ्यायचं त्यांचं ठरलंच आहे. मग पाझर बंद. माझ्या हातात काही नाही."

"देईल ना गा," प्रेमिला म्हणाली. "काहून नाही देणार?"

तिने त्याच दिवशी पाझर नव्या संगणकावर चालवून पाहिला. उत्तर आलं, पण असं आलं की तिने चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. काटोलपासून पुढे अख्ख्या संत्र्याच्या पट्ट्यात प्रत्येक विहिरीचं पाणी एकसारखं, आणि तेही जमिनीच्या वर दोन पुरुष उंच. म्हणजे विहिरी तोंडापर्यंत भरून, वर ओसंडून, पाणी हवेतच उभं होतं.

हे का झालं ते समजायला पाझरची रीत सांगायला हवी. पट्ट्याचा नकाशा घ्यायचा, त्याचे तुकडे पाडायचे, एकेक तुकडा एकेका यंत्राला द्यायचा. सगळी यंत्रं एकाच वेळी आपापल्या तुकड्याचा हिशोब करणार आणि दर टप्प्याला शेजारच्या यंत्राला विचारणार, माझ्या हद्दीवर पाणी इतकं आलं बाई, तुझ्याकडे किती? दोन शेजारणी कुंपणावरून बोलतात तसं. एक जरी चुकीचं बोललं तर ती चूक हद्दीहद्दीवरून सगळीकडे पसरायची. म्हणून कुठल्या तुकड्याची माहिती कुठल्या फाइलमध्ये आहे आणि उत्तर कुठे लिहायचं, याचा पत्ता बिनचूक लागतो. त्या पत्त्याला ही मंडळी पाथ म्हणत.

आणि पाझरमधले पाथ म्हणजे नुसता सावळा गोंधळ होता. जो तो आपली फाइल आपल्याच फोल्डरमध्ये ठेवायचा आणि त्या फोल्डरचा पाथ आपल्या ओळीत हाताने लिहून टाकायचा. मधुसूदन सरांचे पावसाचे आकडे सरांच्या फोल्डरमध्ये, शामलाच्या विहिरी शामलाच्या, धर्मेंद्रची काटोलची माती धर्मेंद्रच्या. असं जागोजाग, शेकडो ओळींत. त्यात भर म्हणजे पाथ लिहायला सरांनी बत्तीस अक्षरांचा डबा ठेवला होता. त्या काळी यंत्रांची मेमरी तोकडी, अक्षरं जपून वापरायची. नव्या संगणकावर पाथ सुरू व्हायचा तोच खात्याच्या लांबलचक नावाने, मग योजनेचं नाव, मग आणखी कसलं कसलं. तुकड्याचा नंबर यायच्या आत डबा भरून जायचा आणि उरलेलं पाझर मुकाट्याने कापून टाकायचा. सगळ्या तुकड्यांचा पाथ एकच झाला, आणि सगळे एकाच फाइलवर एकमेकांचं पुसून लिहीत सुटले.

इलाज काय, ते प्रेमिलाला लगेच कळलं. कुणीही पाथ आपल्या हाताने लिहायचा नाही. सगळे पाथ एका जागी आणायचे. ज्या ओळीला पत्ता हवा तिने त्या एका जागेला विचारायचं. नागसेन म्हणाला, आठ दिवसांचं काम आहे. बरोबरच होतं त्याचं. पण त्या शेकडो ओळी शेवटी तीन-चार माणसांच्या होत्या.

"ताई, आता कोणाला विचारत बसता?" नागसेन म्हणाला. "सर रिटायर, शामला मॅडम नोकरी सोडून गेल्या, आणि धर्मेंद्र सर तर..."

"विचारून येते मी," प्रेमिला म्हणाली. "तू कमिटीले चहा काय द्याचा ते पाह्य."

तिचे वडील कापडाच्या मिलमध्ये साच्यावर होते. पाळी संपवून, कानात कापसाचे तंतू घेऊन घरी आले की हात धुण्याआधी पोरांना विचारायचे, आज काय नवीन शिकली वं? आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली होती, आणि शिकायचं हे त्या घरात देवाधर्मासारखं धरलेलं होतं, फक्त देव नव्हते. प्रेमिला गणितात बी. एस्सी. झाली, संगणकाचा कोर्स केला, आणि प्रयोगशाळेत आकडे टाइप करायच्या रोजंदारीवर लागली. तिसऱ्या आठवड्यात तिने मधुसूदन सरांना सांगितलं की तुमच्या एका विहिरीचं पाणी मागच्या साली आणि या साली शेवटल्या आकड्यापर्यंत सारखंच आहे, कोणीतरी न मोजताच लिहून राहिलं. सरांनी तिला टायपिंगवरून उठवलं आणि पाझरवर बसवलं.

ते दिवस आठवले की प्रेमिलाला आजही उगीच बरं वाटायचं. टिनाच्या छपराची खोली, इकडून तिकडून मागून आणलेली जुनी यंत्रं, त्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या तारा. उन्हाळ्यात एकच कूलर, आणि तो यंत्रांकडे तोंड करून लावलेला. यंत्रांच्या अंगावरून उरलेली हवा माणसांना मिळायची, तिला खसाचा आणि तापलेल्या तारांचा मिळून एक वास असायचा. सर, शामला, धर्मेंद्र आणि प्रेमिला, चौघं घाम पुसत बसायची. सकाळी गेटजवळच्या ठेल्यावरून तर्री पोहे यायचे आणि दुपारपर्यंत कीबोर्डाला तर्रीचा रंग असायचा.

धर्मेंद्र रोज काटोलहून बसने यायचा. संत्र्याची बाग सोडून नागपुरात खोली घ्यायला तो तयार नव्हता. यंत्रात माणसाचं नाव आठ इंग्रजी अक्षरांपुरतंच मावायचं, त्यामुळे त्याचं झालं होतं 'धर्मेंद'. शेपटी काटोललाच ठेवून येतो मी, असं तो सांगायचा. सरांचं 'मधुसूद' झालं होतं आणि ते काही त्यांना आवडलं नव्हतं. शामला आणि प्रेमिला मात्र अख्ख्या मावल्या.

नियम झाला तोही धर्मेंद्रमुळे. नवीन असताना त्याने सरांची एक ओळ चुकली आहे असं समजून गुपचूप दुरुस्त केली. पुढचे दोन दिवस संत्र्याच्या पट्ट्यातलं सगळं पाणी चढावाकडे वाहत होतं. कुणाला काही कळेना. शामला तर रडकुंडीला आली. शेवटी धर्मेंद्र स्वतःच कबूल झाला. सर रागावले नाहीत, खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले आणि म्हणाले, "चूक असेल रे माझी. पण मी इथेच बसलो होतो ना? विचारायचं होतंस." त्या दिवसापासून ज्याची ओळ, त्याला विचारून.

आणखी एक रिवाज होता. दर महिन्याच्या एक तारखेला पाझर महिन्याचा हिशोब करायला बसायचा, तेव्हा आधी पडद्यावर लिहायचा की कुठली फाइल कुठल्या फोल्डरमधून उचलली. मधुसूद, शामला, प्रेमिला, धर्मेंद, अशी नावं एकाखाली एक उमटायची. त्याला ही मंडळी हजेरी म्हणायची. सर निवृत्त झाल्यावरही दर एक तारखेला त्यांचा प्रेमिलाला फोन यायचा. "झाली हजेरी? सगळे आले?" आणि ती म्हणायची, "आले सर, सगळे."

दोन वर्षांपूर्वी धर्मेंद्र बागेत पाणी द्यायला गेला आणि तिथेच कोसळला. त्यानंतरच्या एक तारखेला पडद्यावर धर्मेंद हे नाव आपल्या जागी, आपल्या नंबरावर उमटलं. सरांचा फोन आला. "सगळे आले?" तिने पडद्यावरची नावं पुन्हा एकदा वरून खाली वाचली. मग म्हणाली, "आले सर. सगळे." तेव्हापासून दर महिन्याला दोघं तेच विचारत आणि तेच सांगत आली होती.

तर प्रेमिला विचारायला निघाली. आधी शामलाकडे. शामला आता कळमन्याच्या बाजारात सासरची धान्याची अडत सांभाळत होती. सोयाबीनची आवक जोरात होती, पोत्यांच्या थप्प्यांमधून वाट काढत प्रेमिला गादीपर्यंत पोचली. शामलाने तिला पाहिलं, हातातला फोन तसाच ठेवला आणि आधी मिठी मारली. प्रेमिलाच्या साडीला सगळा भुसा लागला.

"माझ्या ओळी अजून चालून राहिल्या?" शामलाने तीनदा विचारलं. "बाप्पा. इथं तर मी काल बोललेलं आज कोणी ऐकत नाही." प्रेमिलाने पुढे केलेला कागद न वाचताच तिने हो म्हटलं. मग चहा आल्यावर म्हणाली, "आता नाव नाही दिसणार म्हणा माझं, हजेरीत."

"कोणाचंच नाही दिसणार वं," प्रेमिला म्हणाली.

मग नंदनवनला, सरांकडे. सर ऐंशीच्या घरात, ऐकायला कमी येत होतं, पण बत्तीस अक्षरांचा डबा म्हटल्यावर त्यांना बरोबर ऐकू आलं. डबा मोठा का करत नाहीस, इथपासून सुरुवात करून त्यांनी तिची तासभर उलटतपासणी घेतली. तिने कागदावर आकृती काढून दाखवली. सगळे पाथ एका जागेतून कसे जातील, उद्या संगणक बदलला तरी एकच ओळ कशी बदलावी लागेल. सरांनी दोन खुसपटं काढली, त्यातलं एक खरंच बरोबर निघालं. त्यानंतर त्यांचा चेहरा एकदम फुलला.

"कर गं," ते म्हणाले. "तेव्हाच करायला हवं होतं. आम्हाला काय माहीत हे इतकं चालेल." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "धर्मेंद्रच्या ओळीचं काय करशील?"

प्रेमिलाने आकृतीचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"नियम केला तेव्हा मला हे सुचलंच नाही," सर म्हणाले. "मला वाटलं, आपण सगळे असूच." आणि ते चष्मा काढून उगीच पुसत बसले.

प्रेमिलाने सरांच्या आणि शामलाच्या ओळी बदलल्या. आपल्याही बदलल्या. त्यासाठी तिने स्वतःला विचारलं की नाही ते ठाऊक नाही, पण त्या दिवशी तिने चहा दोनदा घेतला. डिसेंबर लागला. एक तारखेचा हिशोब शेवटचा म्हणून जुन्या यंत्रांवरच जुन्या पाझरने केला, जुनी हजेरी उमटली. मग तिने नवा पाझर नव्या संगणकावर चालवला आणि दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी ठेवली. पाणी हवेतून खाली उतरून विहिरींत गेलं होतं. तुकड्यामागून तुकडा शेवटच्या आकड्यापर्यंत जुळत गेला. नागसेन तिच्या मागे उभा राहून पाहत होता. काटोलचा तुकडा आला आणि जुळेना. पाणी हातभर खाली, आणि ती चूक हद्दीवरून शेजारच्या तुकड्यांत झिरपायला लागलेली.

कारण प्रेमिलाला माहीतच होतं. धर्मेंद्रच्या ओळीला तिने हात लावला नव्हता. ती ओळ म्हणत होती, काटोलच्या मातीचे थर आधी माझ्या फोल्डरमध्ये बघा. नसले, तर सगळ्यांची जुनी फाइल घ्या. सगळ्यांची ती फाइल अंदाजपंचे होती. धर्मेंद्रने एकदा दोन उन्हाळे काटोलच्या शिवारात फिरून, हाताने भोकं पाडून, कुठे किती खाली काळी माती, कुठे मुरूम, ते सगळं नव्याने मोजून आणलं होतं. नव्या संगणकावर त्याचं फोल्डर नव्हतं. म्हणून पाझर तोंडातून शब्द न काढता जुन्या फाइलवर चालला होता.

"फाइल कॉपी करा, ओळ बदला, झालं," नागसेन म्हणाला. तो समजुतीच्या आवाजात बोलत होता. "ताई, शुक्रवारी कमिटी आहे. धर्मेंद्र सर नाही म्हणाले नसते."

"नसताच म्हणाला," प्रेमिला म्हणाली. "पण विचारलं तर पायजे ना."

"कोणाला?"

खरं सांगायचं तर दोन वर्षं ती हाच प्रश्न टाळत होती. धर्मेंद्रच्या मातीला, स्मशानापर्यंत, ती गेली होती. नंतर त्याच्या बायकोला, काजलला, भेटायला जायचं जायचं म्हणत राहिली आणि गेली नाही. काय बोलणार होती? इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या बायकोशी बोलायला तिच्याकडे एक वाक्य नव्हतं. आता निदान विचारायला काहीतरी होतं. तिने बुधवारची रजा टाकली आणि सकाळी काटोलची बस धरली, तीच, जिच्यातून धर्मेंद्र उलटा यायचा.

आंबिया बहाराची संत्री उतरत होती. काजल घरापुढच्या पडवीत खाली बसून संत्री निवडत होती, मोठी इकडे, लहान तिकडे. पलीकडे उन्हात बाजेवर तिचे सासरे रामाजी. "कोन आलं वं?" म्हाताऱ्याने विचारलं.

"ह्यांच्या ऑफिसच्या प्रेमिलाताई," काजल म्हणाली. तिने ओळखलं होतं. हात पुसून तिने पाणी आणलं, मग चहा टाकला. प्रेमिला बसली, आणि काय करावं न सुचून तीही संत्री निवडू लागली. काजलने तिच्या ढिगातली दोन उचलून मुकाट्याने दुसऱ्या ढिगात टाकली.

चहा पिऊन झाल्यावर प्रेमिलाने सांगायला सुरुवात केली. तिला वाटलं होतं अवघड जाईल. पण काजल नीट ऐकत होती, मध्येमध्ये विचारत होती. पाझर नव्या संगणकावर न्यायचा आहे. तिथे धर्मेंद्रच्या नावाचं फोल्डर नाही. त्याची ओळ बदलावी लागेल, त्याचं नाव त्यातून काढावं लागेल. नाही काढलं तर शुक्रवारी उत्तर जुळणार नाही, आणि पाझरच बंद पडेल.

"म्हणजे आतापर्यंत नाव होतं त्याचं तिथं?" काजलने विचारलं.

"हो. दर महिन्याले एक तारखेले पाझर त्याच्या फोल्डरमध्ये जाते, फाइल उचलते, आणि पडद्यावर त्याचं नाव लिहिते. आम्ही हजेरी म्हणतो त्याले."

"अजून?"

"हाव. या महिन्यालेही."

काजलच्या हातात एक संत्रं होतं, ते ती नुसतंच फिरवत होती. प्रेमिलाला वाटलं, आता ही नको म्हणेल. येताना बसमध्ये तिने त्याचीही तयारी केली होती. ती घाईघाईने म्हणाली, "नाव ठेवता येईल दुसरीकडं कुठं तरी. सुरवातीले लिहून ठेवीन मी, की हे कोणी कोणी केलं म्हणून."

"ते तुमचं तुम्ही पाहा," काजल म्हणाली. "पण तिथून काढा त्याले."

तिने हातातलं संत्रं ढिगात टाकलं. "लग्न होऊन आली तवापासून पाह्यते मी, ताई. रविवारी जेवाले बसला का तिकडून फोन. पोरीच्या वाढदिवशी तिकडं. सासूबाई दवाखान्यात होत्या तवाही एक तारीख आली म्हणून सकाळच्या बसनं गेला. मी पाझरले सवत म्हणो. तो हसे. आता गेला तवा वाटलं, चला, त्या कामातून तरी सुटला. आणि तुम्ही सांगता, दर एक तारखेले अजून हजेरी लावते म्हणून." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज साधाच होता. "आता त्याले सुट्टी द्या, ताई."

प्रेमिलाला रडू फुटलं. धर्मेंद्र गेला तेव्हा ती सगळ्यांसमोर कोरडी उभी होती, पडद्यावर त्याचं नाव पाहून दोन वर्षं कोरडी राहिली होती. आता त्या पडवीत, संत्र्यांच्या दोन ढिगांमध्ये बसून ती लहान पोरीसारखी रडली. रामाजींनी बाजेवरून मान उचलून पाहिलं आणि काही न विचारता पुन्हा उन्हाकडे तोंड केलं.

निघताना काजलने पिशवीभर संत्री बांधून दिली. दारापर्यंत आली आणि म्हणाली, "पण ते मातीचं फेकू नका. नाव काढा, माती ठेवा. भोकं त्यानं पाडली, टेप मी धरला होता. नवीन लग्न झालं होतं आमचं. लोक लग्नानंतर कुठं कुठं जातात, यानं मले दोन उन्हाळे अख्ख्या काटोलच्या शिवारात फिरवलं. भोकात वाकून मी सांगो किती खोल, तो लिहून घे."

प्रेमिला तिच्याकडे बघतच राहिली. म्हणजे विचारायचं होतं ते माणूस इथेच होतं, आणि इतकी वर्षं त्या ओळीला अर्धी मालकीण होती हे धर्मेंद्रने कधी सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल आणि हिनेच ऐकलं नसेल.

दुसऱ्या दिवशी तिने धर्मेंद्रची फाइल सगळ्यांच्या जागी ठेवली आणि त्याची ओळ बदलली. ओळीच्या शेवटी लिहिलं, 'विचारून: काजल'. पाझर चालवला. काटोलचं पाणी हातभर वर आलं आणि जुन्या उत्तराशी जाऊन मिळालं. शुक्रवारी कमिटी आली, आकडे पाहून गेली, पाझर राहिला. नागसेनने पेढे वाटले. त्या ओळीकडे बोट दाखवून त्याने विचारलं, काजल कोण? प्रेमिलाने त्याच्या हातावर एक संत्रं ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्या दिवशी तो एका मीटिंगला उशिरा पोचला.

एक जानेवारीला प्रेमिला नेहमीपेक्षा लवकर आली. जुन्या खोलीतली यंत्रं बंद होती, तारा गुंडाळून कोपऱ्यात पडल्या होत्या. नव्या संगणकावर पाझर महिन्याच्या हिशोबाला बसला आणि पडद्यावर हजेरी उमटू लागली. प्रत्येक ओळीत तेच एक लांबलचक सरकारी नाव, एकाखाली एक, आणि पुढे तुकड्याचा नंबर. मधुसूद नव्हता, शामला नव्हती. प्रेमिला हे नावही तिने स्वतःच्याच हाताने काढलं होतं. काम चोख झालं होतं आणि तिला फार एकटं वाटलं.

फोन वाजला. सर होते.

"झाली हजेरी?"

"झाली सर."

"सगळे आले?"

प्रेमिलाने पडद्याकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"नाही सर," ती म्हणाली. "आज सगळ्यांना सुट्टी आहे."

तिला वाटलं, सरांना ऐकू गेलं नसेल. मग ते म्हणाले, "धर्मेंद्रला पण?"

"त्यालाच आधी दिली सर."

"बरं केलंस," सर म्हणाले, आणि मग नेहमीसारखं तिच्या घरचं विचारू लागले.